ढेकरपप्पांची शिंक

मिस्त्रींना ढेकरपप्पांची मनापासून किळस यायची, आणि घर चालत होतं ते ढेकरपप्पांच्याच पोटावर. असा योग बऱ्याच नोकरदारांच्या पत्रिकेत असतो. त्याचं कोणी मनावर घेत नाही.

ढेकरपप्पा म्हणजे टीव्हीवर बारा वर्षं चाललेल्या एका विनोदी कार्टून मालिकेतले कुटुंबप्रमुख. अंगाचा रंग कच्च्या मांसासारखा, हाताला चारच बोटं, मान नाहीच. दर भागात ते काहीतरी नको ते गिळत, ढेकर देत, घरातले सगळे सोफ्यावरून खाली पडत आणि प्रेक्षक हसत. करमणूक बागेने या मालिकेवर एक सिम्युलेटर बसवला होता. बारा खुर्च्यांची बंद केबिन, खाली सहा हायड्रॉलिक पाय, समोर भिंतभर पडदा. केबिन कुठे जात नसे, जागच्या जागी हिसके खाई. पण पडद्यावर ढेकरपप्पा आपल्याला गिळताहेत, घशातून खाली सोडताहेत, पोटात घुसळताहेत असं वाटे. शेवटी त्यांना शिंक येई आणि आपण बाहेर. शिंकेच्या क्षणी पुढच्या नळ्यांतून कोमट पाणी तोंडावर उडे. साडेचार मिनिटं. यासाठी सुशिक्षित माणसं दीड-दीड तास रांगेत उभी राहत.

या राइडची देखभाल मिस्त्रींकडे होती, आणि त्यांची बायको त्याच राइडच्या बाहेरच्या दारावर कामाला होती. भिजलेल्यांना कागदी रुमाल द्यायची आणि "परत या हं" म्हणायची. रोज बाग उघडण्याआधी एक चाचणी फेरी होई. नियम असा, की केबिनमध्ये एक जिवंत माणूस हवं आणि बाहेर बटणावर एक. बायको आत बसे, मिस्त्री बटण दाबत.

"लग्नापासून हादरेच देताय," ती पट्टा लावताना म्हणे. "आता निदान पगार तरी मिळतो."

एका सकाळी ती बाहेर आली ती गाल पुसत. "अहो, हल्ली पाणी चिकट येतं."

मिस्त्रींनी तिच्या हातातला रुमाल नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला. झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसा वास. टाकीत शेवाळ धरलं असणार म्हणून ते ब्रश घेऊन केबिनखाली शिरले.

टाकी काठोकाठ भरलेली होती. पाण्यावर हिरवी साय. आणि नळ्यांकडे पाणी सोडणारा खालचा कॉक बंद.

तो त्यांनीच बंद केला होता. मागच्या वेळी टाकी धुताना पाणी अडवलं, तेवढ्यात तिसऱ्या पायातून तेल गळतंय म्हणून हाक आली, ते तिकडे धावले आणि कॉक उघडायचा राहिला. टाकीवर त्यांच्याच खडूने तारीख लिहिलेली होती. नऊ दिवस झाले होते.

नऊ दिवस नळ्यांत पाण्याचा थेंब गेला नव्हता. त्यांनी एक नळी सोडवून फुंकर मारली. धूळ उडाली, आणि वाळून खडखडीत झालेला एक कोळी हातावर पडला.

त्या दिवशी मिस्त्री बाहेरच्या दाराशी उभे राहिले. माणसं खिदळत, निथळत बाहेर येत होती. सगळ्यांचे पुढचे केस कपाळावरून वर चिकटलेले. गाईने नुकतं वासरू चाटावं तसे. एका गृहस्थांना केसच नव्हते. त्यांचं हनुवटीपासून टकलाच्या मागपर्यंत सगळं सलग चकाकत होतं.

मिस्त्री बागेच्या साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पाणी बंद आहे, तरी लोक ओले होतात?"

"हो."

"मग पाणी वाचलं की हो मिस्त्री!"

"साहेब, ते पाणी नाहीये."

"एक तरी तक्रार आली का? उलट परत परत येतात. लोक हसताहेत तिथे उगाच पाना घालू नका."

रात्रीच्या जेवणाला बायको समोर बसली. तोंड तीनदा साबणाने धुतलं होतं, तरी उजव्या गालावर ओलसर तकाकी होतीच. तिने वाढायला हात पुढे केला आणि मिस्त्रींनी ताट नकळत मागे ओढलं.

"एकोणीस वर्षांत असं कधी केलं नव्हतंत," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण हसू अर्ध्यावर राहिलं. मग म्हणाली, "मला जरा जास्तच भिजायला होतं. आत एकटीच असते ना सकाळी. आज तर दोनदा आलं."

मिस्त्री त्या रात्री कड पालटून झोपले आणि स्वतःचीच लाज वाटून जागे राहिले.

सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे बटण दाबलं, पण दाबाच्या काट्यांकडे न बघता केबिनमधल्या कॅमेऱ्याचा छोटा पडदा बघत बसले. करड्या चित्रात बायको डुलत होती. शिंक आली. नळ्यांतून काहीच उडालं नाही.

तिची हनुवटी दबली. मग ओठ वर मुडपले. मग नाक चपटं झालं, भुवया वर सरकल्या, केस उभे राहिले. खालून वर, सावकाश. ती डोळे मिटून हसत होती.

क्षणभर काही नाही. मग पुन्हा, आणखी सावकाश.

आचारी चमच्याचं टोक जिभेला लावतो ते कशासाठी, हे रोज जेवणाऱ्या कुठल्याही माणसाला कळतं. झालंय का ते बघायला.

बायको खाली उतरली तेव्हा मिस्त्रींनी स्वतः, दोन्ही हातांनी तिचं तोंड पुसलं. वास येत होता, तरी पुसलं.

"आजपासून तू आत बसायचं नाहीस. राइड बंद. मी चाचणीच्या अहवालावर सही करत नाही."

"आणि कारण काय लिहिणार?"

कारण हा प्रश्नच होता. बायकोला कोणीतरी चाटतं, असं अहवालात लिहिता येत नाही.

"मी एकदा बसून बघतो. मग स्वतःच्या नावावर लिहीन. तू बटण सांभाळ. बटणांच्या खोलीच्या दाराला आतून कडी घाल."

मिस्त्री केबिनमध्ये बसले. पट्टा खटकन बसला. तो उघडायचं बटण बाहेर, तिच्यापाशी. तिचा माइक केबिनमध्ये ऐकू येई. केबिनमधला आवाज बाहेर जात नसे.

ढेकरपप्पांनी गिळलं. घसा, पोट, घुसळण, सगळं पाठ होतं. शिंक आली.

हनुवटीला काहीतरी टेकलं. गरम, खरखरीत, तळहाताहून रुंद. ते खालच्या ओठापर्यंत आलं.

आणि थांबलं. मागे गेलं.

पडद्यावर ढेकरपप्पांनी तोंड वाकडं केलं. हे फिल्ममध्ये नव्हतं.

"थू," ते म्हणाले.

मग त्यांनी उजवीकडे बघितलं. उजवीकडे केबिनची भिंत होती, आणि भिंतीपलीकडे बटणांची खोली.

त्यांनी कुठून तरी एक लाळेरं काढलं. चार-चार बोटांनी, घाई न करता, मान असायला हवी तिथे बांधलं. गाठ नीट बसली का ते चाचपलं. आणि उठून पडद्याच्या उजव्या कडेतून निघून गेले.

मागे सोफा राहिला. रिकामा सोफा मिस्त्री पहिल्यांदाच पाहत होते. बसायच्या जागी खोल, ओला खळगा होता.

स्पीकर खरखरला.

"अहो, झालं वाटतं तुमचं? उघडते हं. एक मिनिट, कोणीतरी दार वाजवतंय."

मिस्त्री ओरडले. पट्टा ओढला, खुर्चीवर लाथा मारल्या, घसा फुटेस्तोवर तिला हाका मारल्या.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कडी निघाल्याचा.

"अगंबाई!" बायकोचा आवाज आला, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला. "या ना, आत या."