पेडलवर कोण होतं?

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मी कुणाच्या गळी उतरवायला बसलेली नाही.

आणि ही मध्यरात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे, आमच्याच गॅरेजमधली. समोरचा टायरवाला रेडिओ लावून बसला होता. रस्त्यावर माणसं येत-जात होती.

आमचे हे जुन्या गाड्या दुरुस्त करतात. मी फोन घेते, पार्ट मागवते आणि ब्रेकचं काम निघालं की पेडलवर बसते. ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. खालचा ओरडतो, "दाब!" सीटवरचा पेडल दाबून धरतो आणि सांगतो, "दाबलं." मग खालचा चाकामागचा स्क्रू सैल करतो. तेलाबरोबर हवा बाहेर येते. स्क्रू आवळला की, "सोड!"

आमच्या संसारातला निम्मा संवाद हाच आहे.

ती गाडी एक तरुण टोचन करून घेऊन आला. हिरवी, दोन सीटची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार. त्याचे वडील याच गाडीत गेले होते. डोंगराच्या उतारावर, वळणावर. उघडी गाडी, त्यामुळे आई-वडील दोघंही बाहेर फेकले गेले. वडील जागच्या जागी गेले. आई वाचली, पण पाय कायमचा अधू झाला.

"वडिलांना वेगाचं वेड होतं," तो म्हणाला. "स्वतः गेले आणि आईलाही जन्माची अद्दल घडवून गेले."

आवाजात मायेचा लवलेश नव्हता.

त्याला लेकीला घेऊन गाडी फिरवायची होती. म्हणून पुढे डिस्क ब्रेक बसवा, पेडलला जोर देणारा नवा बूस्टर लावा, जुनं सगळं भंगारात टाका, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटलं. हे मात्र अडून बसले.

"असल्या गाडीला डिस्क म्हणजे आजोबांना जीन्स! जुने ड्रम ब्रेकच नवे करून देतो."

"जीव गाडीच्या रुपापेक्षा स्वस्त झाला का हो?" मी विचारलं. त्यावरून आमची चांगलीच जुंपली.

दोन्ही बाजू तशाच राहिल्या असत्या. पण त्याची आई स्वतः काठी टेकत गॅरेजमध्ये आली. शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना 'बाई' म्हणायचे. अगदी ठेंगण्या, स्टुलावर बसल्या तर पाय जमिनीला टेकेनात.

"जुनेच दुरुस्त करा," बाई म्हणाल्या. "आणि उघडल्यावर आत काय दिसतं ते मला सांगा. मुलाला नको… मला."

मला वाटलं, नवऱ्याची आठवण असेल.

ह्यांनी ड्रम उघडले. आत नुसता गंज. इतकी वर्षं शेडमध्ये पडलेली गाडी, अपघाताच्या वेळी ब्रेक धड होते की नव्हते, ते आता कोण सांगणार? ह्यांनी फोनवर बाईंना तसंच सांगितलं.

"काहीच कळत नाही?"

"नाही हो, बाई."

बाईंनी फोन ठेवला.

ह्यांनी ब्रेकच्या शूजना नवं लायनिंग लावलं, सिलिंडरमध्ये नवी रबरं घातली, ड्रम लेथवर साफ करून आणले. मग ती दुपार आली.

मी सीटवर बसले. माझे पाय लांब, म्हणून सीट पुढे-मागे करून पाहिली. ढिम्म हलेना, रुळच गंजले होते. तशीच अवघडून बसले. मागची दोन्ही चाकं झाली. पुढचं एक झालं. तेवढ्यात बाहेर पार्सलवाला हाका मारायला लागला.

"अहो, आलेच हं," म्हणून मी उतरले. त्याच्याशी हुज्जत घातली, सही केली, येताना चहा घेऊन आले.

हे गाडीखालून बाहेर आले होते. हात पुसत होते.

"झालं. पेडल दगडासारखं घट्ट. पण शेवटच्या चाकाला काय गं लावलं होतंस, लागत नाही, लागत नाही?"

"मी?"

"मी म्हटलं, दाब. तू म्हणालीस, दाबलं. मग म्हणालीस… दाबलंय हो, लागत नाही. तीन-चार वेळा. रडवेली झाली होतीस."

मी चहा बाजूला ठेवला.

मी तिथे नव्हतेच.

आम्ही दोघांनी गाडीत वाकून पाहिलं. ब्रेकच्या बाटलीतलं तेल मी उतरले तेव्हापेक्षा कमी झालं होतं. म्हणजे पेडल कुणीतरी दाबलं होतं.

आणि ती सीट… गंजून जाम झालेली सीट…

पार पुढे सरकली होती. अगदी स्टिअरिंगला टेकेपर्यंत.

माझे तर गुडघेसुद्धा तिथे मावले नसते.

दोन दिवसांनी मायलेक गाडी बघायला आले. काही बोलू नका, असं मी ह्यांना बजावलं होतं. पण ह्यांच्या पोटात काही राहत नाही. मुलाने "ब्रेक कसे झाले?" विचारायचा अवकाश, ह्यांनी सगळं सांगून टाकलं.

मुलगा हसला. "बाबा असतील. मेल्यावर तरी ब्रेक दाबायची बुद्धी झाली म्हणायची."

"नाही हो. बायकी आवाज होता. म्हणून तर मला वाटलं, हीच बोलतेय."

बाईंनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"गाडी मी चालवत होते."

मुलाला कळेचना. "काय?"

"मी शिकत होते. ते शेजारी बसले होते. ते कुणाला स्टिअरिंगला हात लावू देत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे कुणी विचारलंच नाही. आणि मी… मी सांगितलं नाही."

"आई, मी बाबांचं नाव घेत नाही. माझ्या लेकीसमोरसुद्धा घेत नाही."

बाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या ह्यांच्याकडे बघत होत्या.

"दाबलं, असंच म्हणाली ना ती? नक्की?"

"हो, बाई."

"मला आठवत नाही हो. ब्रेक दाबला होता, की घाबरून पाय दुसऱ्याच पेडलवर पडला… एवढी वर्षं आठवून बघतेय." त्यांनी पुन्हा विचारलं. "दाबलं म्हणाली ना? मग दाबलाच असेल मी."

मुलगा ताडकन निघून गेला. आईला तिथेच सोडून. बाईंना आमच्या गाडीतून मीच घरी पोचवलं. त्या मागे बसल्या. मला त्यांची भीती वाटत होती आणि त्यांची दयाही येत होती.

हिरवी गाडी अजून आमच्याकडेच उभी आहे. न्यायला कोणी आलेलं नाही. मी काही तिच्यात बसत नाही.

भूत मेलेल्या माणसाचं असतं, एवढंच आजवर ऐकलं होतं. बाई तर जिवंत आहेत. मग सीटवर कोण होतं?

आणि जे होतं… ते खरं सांगत होतं, की बाईंसारखीच स्वतःची समजूत घालत होतं?