रूथचं शेवटचं पान

गुरुवारी दुपारी चार वाजता धाकटीनं गटाचं बायबल उघडलं आणि एक पान नसल्याचं तिच्या लक्षात आलं.

डाव्या बाजूला रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय संपत होता आणि उजव्या बाजूला एकदम शमुवेलाचा दुसरा अध्याय सुरू होत होता. मधल्या घडीत नखाएवढी पट्टी उरली होती, कडेनं सरळ कापलेली. पान फाटलेलं नव्हतं. कुणीतरी बसून, निगुतीनं कापून काढलं होतं.

"काय गं, सापडत नाही का?" पाळकबाईंनी विचारलं.

"पान कापलंय," धाकटी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. थोरली बहीण, सगळ्यांची 'मोठी', न्हाणीघरात पडून गेली, त्याला दीड महिना झाला होता आणि तेव्हापासून सगळं असंच चाललं होतं. रडू आलं नव्हतं. चहा गोड आहे की बिनसाखरेचा तेही कळत नव्हतं. छापखान्यात ती मुद्रितं तपासायची, तीही तशीच तपासत होती, एकही चूक न सोडता.

चर्चमागच्या त्या खोलीत गुरुवारी बायबल वाचायला बसणाऱ्या गटात आता चौघीच उरल्या होत्या. धाकटी, पाळकांची बायको, शिवणकाम करणारी शिवणबाई आणि कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान चालवणारी औषधवाली. पाचवी खुर्ची मोठीची. ती कुणी उचलली नव्हती आणि तिच्यावर कुणी बसतही नव्हतं.

गटाची एक रीत होती. आपापलं बायबल प्रत्येकीकडे होतंच, पण पुढचा धडा जिच्याकडे असेल, तिनं हे गटाचं जुनं, जाडजूड बायबल घरी न्यायचं. धडा तयार करायचा आणि त्याच पानाच्या समासात पेन्सिलीनं प्रार्थनेचे विषय लिहायचे. कुणाचं दुखणं, कुणाची काळजी, मनात येईल ते. याच बायबलात धाकटीनं एकदा छपाईची चूक शोधली होती आणि तेव्हापासून मोठी तिला 'देवाची मुद्रितशोधक' म्हणून चिडवायची.

रूथचा शेवटचा अध्याय मोठीकडे होता. तो धडा झालाच नाही. म्हणजे तिनं शेवटचं जे काही लिहिलं असेल, ते याच पानावर होतं. धाकटीला ते हवं होतं. दीड महिन्यात काहीतरी हवंसं वाटण्याची ही पहिलीच वेळ.

"आजचा धडा राहू दे," ती म्हणाली. "हे पुस्तक कुणाकुणाच्या हातून गेलं, तेवढं सांगा."

पाळकबाईंनी आधी सांगितलं. अंत्यविधीच्या दिवशी ते मोठीच्या उशाशी होतं, ते त्यांनी आणून कपाटात ठेवलं. महिनाभर गट बसला नाही, त्यामुळे कुणी उघडलं नाही. मग बांधणी उसवलेली दिसली म्हणून शिवणबाईकडे दिलं.

शिवणबाईनं दोन दिवसांत नवं कापडी वेष्टण शिवून दिलं होतं. आतलं पानही उलटलं नाही, असं ती म्हणाली. तिच्या पिशवीत कायम धारदार पातं असतं आणि मोठीशी तिचं वर्षभर धड बोलणं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नजरा तिच्याकडे गेल्या. तिचे कान लाल झाले.

"शिवणबाईनंतर?"

"माझ्याकडे," औषधवाली म्हणाली. "आजचा धडा, शमुवेलाचा पहिला अध्याय, माझा ना. पण माझ्याकडे आलं तेव्हा पान नव्हतंच."

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, जुनं पुस्तक. कधीतरी गळालं असेल म्हटलं. उगाच कुणावर आळ नको. मी माझ्या बायबलावरून प्रश्न काढले."

औषधवाली नेहमीच अशी, दुसऱ्याला सांभाळून घेणारी. मोठी गेली त्या दिवशीही नातेवाईक नुसते बसून होते, तेव्हा पदर खोचून खोली हिनं आवरली होती. उरलेली औषधं चुकून कुणाच्या पोटात जायला नकोत म्हणून तीसुद्धा गोळा करून नेली होती.

"प्रश्नांचा कागद बघू," धाकटी म्हणाली.

कागदावर सुवाच्य अक्षरात सात प्रश्न होते. चौथा प्रश्न: वचन चौदा, हन्ना एलीला काय उत्तर देते? सातवा: शेवटचं वचन, सत्तावीस, हन्ना मूल देवाला कसं वाहते?

धाकटीनं कागद दोनदा वाचला. मग तो मांडीवर ठेवून ती शिवणबाईकडे वळली.

"तुमच्या बायबलात शमुवेलाच्या पहिल्या अध्यायाचं चौदावं वचन कुणाचं आहे?"

शिवणबाईनं पानं उलटली. "एलीचं. तो याजक हन्नेला नशेत समजून बोलतो. तिचं उत्तर पंधराव्यात आहे."

"आणि अध्याय कितीवर संपतो?"

"अठ्ठावीसवर."

"पाळकबाई, तुमच्यात?"

"अठ्ठावीस. सगळीकडे अठ्ठावीसच असणार ना गं."

"एका पुस्तकात सत्तावीस आहेत." धाकटीनं गटाच्या बायबलावर हात ठेवला. "यात नऊचा आकडा दोनदा छापलाय. नवव्या वचनालाही नऊ आणि दहाव्यालाही नऊ. तिथून पुढे सगळे आकडे एकानं कमी. ती चूक कापलेल्या पानाच्या मागच्या बाजूला होती. मीच शोधली होती. ताईशिवाय कुणाला सांगितली नव्हती."

ती औषधवालीकडे बघत होती. तिला राग येत नव्हता. बेरीज तपासावी तसं ती बोलत होती.

"तुम्ही प्रश्न तुमच्या बायबलावरून काढले नाहीत. या पानावरून काढले. म्हणजे तुमच्याकडे आलं तेव्हा पान जागेवर होतं. प्रश्न लिहून झाल्यावर तुम्ही पान उलटलं आणि समासात ताईचं अक्षर दिसलं. ते कुणी वाचू नये असं तुम्हाला वाटलं. शिवणबाईसारखं ताईशी तुमचं भांडण नव्हतं. तुमचा आणि तिचा संबंध दोनच ठिकाणी, इथे आणि दुकानात. इथलं सगळ्यांना माहीत आहे. मग दुकानातलं काय होतं? खोली आवरताना तुम्ही तिच्या गोळ्या नेल्या. आता पान नेलंत. गोळ्या तुम्ही फेकल्या असतील. पान नाही. बायबलचं पान तुमच्या हातून ना जाळलं जाईल, ना केरात जाईल."

औषधवालीनं पर्स मांडीवर घेतली. मग तिनं पर्समधून आपलं बायबल काढलं, त्याच्या कव्हराची चेन उघडली आणि मागच्या कप्प्यातून चौपदरी घडी काढून धाकटीच्या हातात दिली.

"गोळ्यांची दोन खोकी शेजारीशेजारी होती," ती म्हणाली. "नवऱ्याचं दुखणं चालू, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तिला दुप्पट ताकदीच्या दिल्या गेल्या. ती दाखवायला आली, तेव्हा मी वर बघितलंसुद्धा नाही. सोमवारी माल मोजताना कळलं. उद्या जाऊन बदलून देऊ म्हटलं."

मोठी मंगळवारी सकाळी पडली होती. पाय घसरला, असं सगळे म्हणत होते.

"मला क्षमा कर, धाकटे."

पाळकबाईंनी मान खाली घातली. या खोलीत तो शब्द उच्चारल्यावर पुढे काय व्हायला हवं, ते सगळ्यांना माहीत होतं.

"आत्ता मागू नका," धाकटी म्हणाली. "द्यायला माझ्याकडे काही नाही. पाळकबाई, पोलिसांना फोन लावा."

पाळकबाई उठल्या. धाकटीनं घडी उलगडली. रूथच्या शेवटच्या अध्यायाशेजारी मोठीचं तिरकं अक्षर होतं.

'नव्या गोळ्यांनी चक्कर येते. औषधवालीला दाखवल्या, त्याच आहेत म्हणाली. बिचारीचं लक्ष नाही, नवऱ्याचं करून थकली आहे. तिच्यासाठी प्रार्थना करावी.'

आणि खाली: 'धाकटीला कळवायचं नाही. हातातलं काम टाकून धावत येईल.'

धाकटीनं ते उरलेल्या दोघींना मोठ्यानं वाचून दाखवलं. मग तपासाशी ज्याचा काही संबंध नव्हता, तेही तिनं सांगितलं.

"रविवारी तिचा फोन आला होता. वेळ आहे का म्हणाली. मी म्हटलं, मजकूर छपाईला जायचाय, उद्या बोलू."

औषधवालीनं मान वर केली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि शेजारच्या खोलीत पाळकबाई चर्चचा पत्ता सांगत होत्या.