उलट्या डोक्याचं चाक

धाकटा भाऊ गॅरेजमध्ये गेला तो फक्त गाडी पुसायला. दोन माणसांपुरती, बुटकी, हिरवी विलायती स्पोर्ट्स कार. दादानं भंगारातून उचलून आणली होती. अर्धी जुळवून झाली आणि तो गेला. उरलेली यानं जुळवली, चष्मा कपाळावर चढवून, पुस्तकं उघडी ठेवून. उद्या पुतण्या ती पहिल्यांदा रस्त्यावर काढणार होता.

डाव्या चाकाचा दोन कानांचा मोठा नट पुन्हा सैल झाला होता.

रोज हेच. रोज दुपारी तो तांब्याच्या हातोड्यानं नट ठोकून घट्ट करी, कुलूप लावी, आणि दुसऱ्या दिवशी नट नुसत्या बोटानं फिरे. किल्ली एकच, तीही याच्याच खिशात.

"भावोजी, हे यांचंच काम," वहिनी दारातून हळूच म्हणाल्या. "जिवंतपणी तरी कुणाला हात लावू दिला का गाडीला?"

त्याचं डोकं सणकलं. वहिनी गेल्यावर त्यानं दार आतून लावलं.

"दादा, निम्मा जन्म तुझे पाने पुसण्यात गेला माझा! परीक्षेत पहिला आलो तरी शेंबड्या, प्राध्यापक झालो तरी शेंबड्या! आता मेल्यावर तरी पाठ सोड!"

वरचे पत्रे उन्हानं कडकडले. मग तेही थांबले. पेट्रोलच्या वासात हळूहळू तंबाखूचा वास मिसळला. घरात आता तंबाखू खाणारं कुणी नव्हतं.

नट फिरला.

हात नव्हता, हातोडा नव्हता. नट जरासा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मंद मुलाला तेच गणित पुन्हा घालावं तसा.

"काय चुकलं... सांग ना..."

नट मागच्या दिशेनं फिरत सुटत होता. मागच्या... हे नट सुटायला हवेत ते चाक पुढं धावतं त्या दिशेनं. तरच ते धावताना घट्ट राहतात. हे त्याच्या बुद्धीला कधी पटलंच नव्हतं. दादानं, चाकं ज्यांवर बसतात त्या दोन्ही हबवर खडूनं 'डावा', 'उजवा' लिहून ठेवलं होतं. यानं खूप विचार केला, दादाला अडाणी ठरवलं, आणि डावा हब उजवीकडे, उजवा डावीकडे बसवला.

उद्या पुतण्यानं वेग घेतला असता, आणि चाक निखळून त्याच्याही पुढं धावलं असतं.

दिवस मावळायच्या आत त्यानं दोन्ही हबांची अदलाबदल केली. हातोड्याचे घाव गरजेपेक्षा जोरात बसत होते. भीतीनं की संतापानं, ते त्याचं त्यालाच कळेना. सरळ सांगायचं सोडून छळत बसला, मेला तरी!

सकाळी नट जागचा हललेला नव्हता.

"काका, बसा ना शेजारी!" पुतण्या खुशीत ओरडला.

"नको रे बाबा. जा तू, सावकाश जा."

गाडी गुरगुरत फाटकाबाहेर पडली. तो रिकाम्या गॅरेजकडे वळला. "झालं ना आता समाधान? की अजून काही राहिलंय?"

गाडी उभी होती त्या जागी, फरशीवर, एक छोटी स्प्लिट पिन पडलेली होती. स्टिअरिंगच्या सांध्यातली, तिथला नट सुटू नये म्हणून घातलेली. ती त्यानं स्वतः बसवली होती, पकडीनं तिचे दोन्ही पाय वाकवले होते. आता ते कुणीतरी नीट सरळ केले होते.

त्यानं पिन उचलली. कुणाच्या तरी मुठीतून नुकतीच सुटावी तशी ती कोमट होती. आणि बाहेर, उतारावर, पुतण्या गिअर बदलत होता.