थांबवलेली ओळ

गंधारने लिहिलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, एवढीच लबाडी करायची: यंत्र जोडलेलं नसतानाही ते जोडलंय असं संगणकाला पटवायचं. यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यातला दुभाषा, पण संगणकाच्या गाभ्यात न शिरता साध्या प्रोग्रॅमसारखा बाहेरून चालणारा. त्यातून रुग्णाजवळच्या मॉनिटरला चाचणीपुरते नाडीचे खोटे ठोके पुरवायचे होते, कायम बहात्तर. नारायण पेठेतल्या फ्लॅटमध्ये बसून तो महिनोन्‌महिने त्यालाच जुंपला होता आणि पार शिणला होता.

सोमवारी दुपारी पडद्यावर एकशे दहा आले. कोडमध्ये बहात्तरशिवाय आकडाच नव्हता. त्याने डोळे चोळले. तेवढ्यात आई, निवृत्त शिक्षिका आनंदीबाई, भाजीची पिशवी घेऊन धापा टाकत दारात आली. ती खुर्चीत टेकली तसा आकडा हळूहळू उतरला.

"लिफ्ट माझ्या तेराव्यापर्यंत दुरुस्त होईल," ती म्हणाली. "पाहुण्यांची सोय."

योगायोग, असं म्हणत तो चूक शोधायला बसला. पद्धत नेहमीचीच: ड्रायव्हर एका ओळीवर थांबवायचा आणि आत काय चाललंय ते निवांत बघायचं. ठोके मागणारा मॉनिटर तोवर ताटकळत बसतो, बिघडत काही नाही.

"दूध तापलं की गॅस बंद कर," आई आतून सांगत होती, "आणि..."

पुढचं आलंच नाही. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. आई ओट्याशी उभी होती, डोळे उघडे, हात फडताळाकडे अर्धवट गेलेला. दूध शेगडीवरून ओघळत होतं. त्याने हाक मारली, खांदा हलवला. मग काय सुचलं कोण जाणे, धावत जाऊन त्याने ड्रायव्हर पुढे चालू केला.

"...साय वेगळी काढ," आई म्हणाली.

त्यानंतर त्याने ड्रायव्हर थांबवला नाही. भीती एवढी की झोपतानाही लॅपटॉप उशाशी. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तेव्हा तो लॅपटॉप मांडीवर घेऊन बॅटरीचा आकडा बघत राहिला. आई म्हणाली, जरा विश्रांती घे, तोंड बघ आरशात.

शुक्रवारी ऑफिसने कोड मागितला. त्याने सुटकेचा निःश्वास टाकून पाठवून दिला. जे काही होतं ते या लॅपटॉपात होतं. कोड म्हणजे नुसती अक्षरं.

शनिवारी विश्रांतवाडीच्या ऑफिसातून मेहजबीनचा फोन आला. त्याचं काम तीच तपासत होती.

"अरे, तुझं बहात्तर माझ्याकडे ऐंशी का दाखवतंय? एका ओळीवर थांबवून ठेवलंय. जेवून येते, मग बघू." तिने फोन ठेवला.

त्याने लगेच उलटा फोन लावला. नुसता वाजत राहिला.

त्याच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर चालू होता. आकडा मात्र हलत नव्हता.

समोर आई त्याच्यासाठी चहा ओतत होती. कप भरला. मग बशी.

"आई."

किटली रिकामी झाली, तरी तिचा हात तसाच कललेला होता.