आत : शून्य

ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या धाकट्या जावेच्या बाबतीत घडलेली. ती थापा मारणाऱ्यांतली नाही. थापा मारायला घरात मी आहे.

रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

ती एका कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्युटरचं काम बघते. गोठवलेल्या मासळीची मोठी खोली, तिला एकच जाडजूड दार. दारातून माणूस आत गेला की एक जुना प्रोग्राम एक वाढवतो, बाहेर आला की एक कमी करतो. "आत : ३", "आत : २", एवढंच त्याला बोलता येतं. नव्यानं सुरू केला की पहिली ओळ हमखास "आत : ०".

तो प्रोग्राम लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला. म्हणून हिनं त्या प्रोग्रामवर आपला एक प्रोग्राम बसवला. यानं जुन्याला सुरू करायचं, तो बोलेल ते ऐकायचं आणि शेजारी वेळ टाकून उतरवून ठेवायचं. कॉम्प्युटरवाले अशा आतल्या प्रोग्रामला चाइल्ड म्हणतात. ही म्हणायची पिल्लू. आणि स्वतःच्या प्रोग्रामला कोंबडी.

"काय ताई, कोंबडी काय म्हणते आज?" तिथली मशीनं आणि कुलूप सांभाळणारे मिस्त्रीकाका रोज विचारायचे.

त्या दिवसानंतर दोन दिवस सुट्टी होती. शून्य दिसलं की काका कुलूप घालणार आणि सगळे घरी पळणार.

कोंबडीनं लिहिलं...

आत : १.

"काका, कोण राहिलं आत?"

काकांनी बाहेर डोकावलं. हमाल पायरीवर चहा पीत बसले होते. "सगळी माकडं इथंच आहेत. तुमचं पिल्लू खुळावलंय."

तिलाही तसंच वाटलं. तिनं पिल्लू बंद केलं. कोंबडीनं इमानानं नोंद केली : पिल्लू संपलं.

आणि त्याखाली एक ओळ उमटली...

आत : १.

"बोललेलं कधीकधी वाटेत अडकतं," ती म्हणाली. "मागाहून पोचतं."

मग दुसरी ओळ आली. तीच.

मग तिसरी.

पिल्लू तर मेलं होतं. मग कोंबडी ऐकत होती कोणाचं?

तिनं पिल्लू नव्यानं सुरू केलं. आता तरी शून्य...

आत : १.

"घालू का कुलूप?" काकांनी विचारलं.

"नका! खरंच कोणी असलं तर दोन दिवसांत लाकूड होईल त्याचं."

"मग मी बघून येतो."

"तुमचे गुडघे दुखतात, राहू द्या. तुम्ही दार धरा. काही झालं तरी सोडू नका."

जाड कोट चढवून ती आत गेली. हाका मारल्या. खोक्यांच्या रांगांमागे बघितलं, कोपरे बघितले.

कोणी नव्हतं.

फक्त... पंखे फिरत होते आणि त्यांचा आवाज येत नव्हता.

तिनं श्वास रोखून कान दिला.

तोंडासमोरची वाफ विरली नाही. खांद्यामागून नवी येत राहिली...

मागे न बघता ती दाराकडे सुटली.

काका दार धरून उभे होते. चेहरा पांढराफटक.

"कोणी नाही आत," ती कशीबशी म्हणाली. "लावा कुलूप."

काका हलले नाहीत. "ताई... तुमच्या मागून कोण आलं?"

तिनं दाराशेजारच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. ती गेली तेव्हाची ओळ होती, आत : २. ती बाहेर आली तेव्हाची, आत : १.

आणि लगेच त्याखाली...

आत : ०.

काकांनी कुलूप घातलं. एकमेकांकडे न बघता दोघं निघाले. पिल्लू आजही चालू आहे. त्यानंतर त्यानं एकदाही चुकीचा आकडा सांगितलेला नाही.

परवा ती आमच्याकडे राहायला आली. बॅग घेऊन घरात शिरली आणि दार तसंच धरून उभी राहिली.

"अगं, लाव की! कोणाची वाट बघतेस?"

ती कसनुसं हसली. "वहिनी, लगेच लावलं ना, की मग वाजतं ते."

"काहीतरीच तुझं!" म्हणत मी तिच्या हातातून दार ओढून लावलं.

थोड्या वेळानं... दार वाजलं.

तिनं माझा हात घट्ट धरला. मी ओरडायच्या आत ह्यांनी जाऊन उघडलंसुद्धा. "कोणी नाही," म्हणत परत आले.

तेव्हापासून दार वाजलेलं नाही.