भाभीचं पारणं

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्या घरात घडली आहे. आणि खरं सांगायचं तर अजून संपलेली नाही.

शेलूबाजारला आमचं कापडाचं दुकान आहे. दुकानाच्या वर आम्ही राहतो. मी संयम, मोठा भाऊ अंकितभैया, त्याची बायको नीलमभाभी, त्यांची पाच वर्षांची जिनल आणि आमची आई. आम्ही जैन. आमच्यात पिंड नाही, कावळा नाही. जीव गेला की लगेच पुढचा जन्म, असं लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळं एखादं गिऱ्हाईक भुताच्या गोष्टी सांगायला लागलं की मी त्याची मस्त खेचायचो.

आता खेचत नाही.

गेल्या पर्युषणात भाभीनं अठाई केली. म्हणजे सलग आठ दिवस उपवास. फक्त उकळलेलं पाणी, आणि तेही सूर्य असेपर्यंतच. नवव्या दिवशी सूर्य निघाला की पारणं. मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा मीच पाजणार, असं जिनल सगळ्या गल्लीत सांगून आली होती.

तिसऱ्या दिवशी भाभीचं डोकं दुखायला लागलं. मग उलट्या.

"पित्त हाय बेटा," आई म्हणाली. "मले बी अठाईत असंच झालं होतं."

भैयानं गोळी पुढं केली. भाभी हसली. "इतके दिवस निघाले ना. आता गोळीसाठी काहून नेम मोडू? पारणं झालं की घेईन."

उपवासात डोकं दुखतंच. आमच्यात कुणालाही विचारा. आम्ही सगळे तेच म्हणत राहिलो.

सहाव्या दिवशीची दुपार. भाभी स्वयंपाकघरात पाणी गार करत होती. उकळलेलं पाणी उंचावरून परातीत ओतायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा ओतायचं. गार झालेला पेला तिनं ओठाला लावला...

आणि थांबली.

"सूर्य बुडाला का?"

बाहेर रणरणतं ऊन होतं.

"अंधार पडला की! मले काहून नाही सांगितलं कोणी? आता पाणी चालत नाही."

तिनं चाचपडत पेला खाली ठेवला. दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि तिथंच कोसळली.

वाशीमला स्कॅन झालं, तिथून अकोल्याला हलवलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या तळाशी गाठ होती, डोळ्यांच्या नसांना लागून. त्या गाठीतच रक्तस्राव झाला. म्हणून एकदम नजर गेली.

"उपवासानं झालं का?" भैयानं विचारलं.

"तसं नाही म्हणता येणार. गाठ आधीपासूनच होती. पण डोकं दुखत होतं, उलट्या होत होत्या, तेव्हाच आणलं असतं तर..."

भैया ते अर्धं वाक्य अजून ऐकतो.

भाभी शुद्धीवर आलीच नाही. पारण्याच्या सकाळी ती घरी आली... ॲम्ब्युलन्समधून.

त्यानंतर घर खायला उठायचं. एका संध्याकाळी आम्ही सगळे खाली दुकानात होतो. वर कुणीच नव्हतं.

आणि वरून आवाज आला...

परातीत पाणी पडल्याचा.

थोडं थांबून... पुन्हा.

मी धावत वर गेलो. गॅस बंद. ओटा कोरडा. परात भिंतीला टेकवून उभी. मी तिला हात लावला.

परात गरम होती.

मग हे रोजचंच झालं. भैया दुकान सोडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन बसायचा. ते पाणी ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर जरा जीव यायचा. म्हणून आम्हीही त्याला अडवलं नाही.

एक दिवस जिनल माझ्याजवळ आली.

"काका, मम्मीले दिसत नाही ना?"

"कोण म्हणलं तुले?"

"ते रोज सकाळी विचारते, सूर्य निघाला का म्हणून. मी सांगू का तिले?"

आईनं ऐकलं आणि तोंडाला पदर लावून रडली. रात्री तिनं मूग भिजवले. सकाळी जिनलच्या हातात वाटी-चमचा दिला.

भैया स्वयंपाकघराच्या दारात आडवा उभा राहिला.

"नाही. पारणं झालं की नीलम निघून जाईल."

"अंकित, उपाशी हाय रे ते! किती दिवस उपाशी ठेवतं तिले?"

"मले दुसरं काय राह्यलं, आई?"

त्यानं वाटी काढून घेतली. दुकानातलं जाड काळं कापड आणून पूर्वेच्या खिडकीवर ठोकलं, उन्हाची ऊबही तिला लागू नये म्हणून. आता तो पहाटे आत जातो आणि कडी लावून घेतो.

काल सकाळी मी त्या दाराशी उभा होतो. ऊन चांगलं वर आलं होतं. आत पाणी पडत होतं...

मग थांबलं.

आणि आतून आवाज आला. अगदी बारीक. घसा सुकल्यासारखा.

"सूर्य निघाला का?"

तो भाभीचा आवाज होता. कुणाचीही शपथ घ्यायला सांगा.

मी ओरडून सांगणारच होतो. तेवढ्यात भैया बोलला. जिनलला थोपटताना बोलतो, तितक्याच मायेनं.

"नाही नीलम. अजून रात्र हाय. झोप तू."

जिनल माझ्या मागंच उभी होती.

"निघाला ना काका?" ती म्हणाली. "मग पप्पा खोटं काहून बोलून राह्यले?"

मी तिला कडेवर उचललं आणि खाली आलो.

ती कडी जुनी आहे. एका लाथेत तुटेल. मी अजून तोडलेली नाही. भाभीची मला भीती वाटत नाही हो... भैयाकडं बघवत नाही.

आणि भाभी आजही उपाशीच आहे.