नवा कुकर रुजू होतो

"खालून धर, यतीन. त्याचा कान सोडू नकोस," तुळशी ओरडली.

कुकर एवढा मोठा होता की त्यात झरीची अर्धी शाळा शिजली असती आणि उरलेली अर्धी झाकणावर बसली असती. सकाळी टेम्पोतून उतरलेला तो कुकर दोघं पुन्हा त्याच टेम्पोत चढवत होती. टेम्पो डहाणूला, वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयाकडे परत निघाला होता.

तुळशी संतापली होती. तिची आजी हिराबाई अकरा वर्षं झरीच्या वसतिगृहात स्वयंपाक करत होती. दिवाळीआधी विहिरीवर पडून तिचा हात मोडला. तिनं महिन्याची रजा मागितली, तर कारकून सूर्यकांत म्हणाले, "वरून पत्र आलंय. सुट्टीनंतर येऊ नका. तुमच्या जागी दुसरी येतेय."

आणि आला हा कुकर!

यतीन सूर्यकांतांचा पुतण्या, डहाणूहून सुट्टीला आलेला. काका कौलं हलतील असे घोरत असताना त्यानं फायलीतून पत्रं शोधली. काकांनी इंग्रजीत लिहिलं होतं, 'अवर कुकर हँड इज ब्रोकन.' उत्तर होतं, 'रिमूव्ह ओल्ड कुकर. न्यू कुकर कमिंग.'

"टीच करतो तो टीचर," यतीन म्हणाला. "म्हणून कुक करतो तो कुकर, असं वाटलं काकांना."

"माझ्या आजीला भांडं केलं आणि भंगारात काढलं. मी सांगायला गेले, तर तुझे काका म्हणतात, मला इंग्रजी शिकवतेस?"

कार्यालयात तुळशीनं कुकर थेट ते उत्तर पाठवणाऱ्या सरला मॅडमच्या टेबलासमोर ठेवला.

"हे काय गं?"

"नवा कुकर, मॅडम. रुजू करून घ्यायचाय, पण हजेरीपटावर सही करत नाही. नाव विचारलं तर साधी शिट्टीही देत नाही."

"भांडं सही कशी करेल?"

"मग हिराबाईंच्या जागी भांडं नेमलं कोणी?"

मॅडमनी फाईल मागवली. काकांच्या पत्रात दुसरी ओळही होती. 'शी वॉन्ट्स वन मंथ लीव्ह.'

"कुकरला रजा?" मॅडम पुटपुटल्या. "मी पहिलीच ओळ वाचली गं. वाटलं, कुकरचा दांडा तुटला."

"शिजवणं म्हणजे कुक, मॅडम. शिजवणारीही कुकच. कुकर म्हणजे फक्त भांडं. पाचवीतल्या पोरांना येतं हे."

मॅडमनी फोन उचलला. "सूर्यकांत, हिराबाई कामावर आहेत. आणि यापुढे मराठीत लिहा." मग कोरा कागद तुळशीपुढे सरकवला. "नवं पत्र तू लिही."

तुळशीनं लिहिलं, 'हिराबाई इज अवर कुक. शी हॅज कुक्ड फॉर अस फॉर इलेव्हन इयर्स. शी विल कुक अगेन आफ्टर वन मंथ.'

मॅडमनी शेवटपर्यंत वाचून सही केली. "शाब्बास. एकही चूक नाही."

संध्याकाळी हिराबाईनं पत्र दोनदा वाचून घेतलं.

"ह्यात माझं नाव कुठं?"

तुळशीनं दाखवलं. प्लास्टर नसलेल्या हाताचं बोट हिराबाईनं त्यावर ठेवलं.

"सूर्यकांत भाऊसाहेबांच्या कागदात होतं हे?"

"नव्हतं, आजी."

"मग भांडंच येणार की," हिराबाई म्हणाली. "तू शिकलीस खरी."